अर्धी दाढी

आमच्या गल्लीतला न्हावी पोरवयात चोरीपायी सुधारगृहात होता. कात्री तिथेच शिकला आणि सुटल्यावर स्वतःचं दुकान थाटलं. हात असा हलका की खुर्चीतच डुलकी लागावी. पण गिऱ्हाईकं चादरीखाली खिसा घट्ट धरून बसतात. गळ्यावर वस्तरा चालतो त्याची भीती नाही, भीती पाकिटाची! माझं तर डोकंच फिरतं.

परवा वाणी आला, जन्मभर मापात मारणारा. त्याचीही मूठ खिशावर. अर्धी दाढी झाली आणि न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

"काका, हात बाहेर काढा, मग उरलेली करतो."

"अरे, सवय आहे माझी."

"माझी सुटली, तुमचीही सुटेल."

बाकावर बसून मी पोट धरून हसलो. वाणी लालबुंद झाला. पण बाहेर भरलेला बाजार आणि एका गालाला फेस, जाणार कुठे? निमूट दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आले.

तो गेल्यावर मी म्हणालो, "लेका, अशाने गिऱ्हाईक तुटेल."

"तुटू दे, आजोबा. शिक्षा एकदा भोगलीय. आता दर दाढीला नाही भोगणार."

पुढच्याला चादर घालण्याआधीच त्याने सांगितलं, "हात दांड्यांवर ठेवा."