मोघम उपकारस्तुती

आम्हा ख्रिस्ती लोकांत घरात काही चांगलं घडलं की उपकारस्तुती ठेवतात. पोरगं पास झालं, लग्न ठरलं, ऑपरेशन नीट पार पडलं, की पाळकसाहेबांना सांगायचं. रविवारी चर्चमध्ये नोटीस वाचली जाते आणि ठरल्या दिवशी पंचवीस-तीस माणसं तुमच्या घरी सतरंजीवर बसून गाणी गातात, प्रार्थना करतात, चहा-चिवडा खाऊन घरी जातात. घरातल्या एकानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. आता ही गोष्ट सगळं घडून गेल्यावर करायची असते, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या सासूबाईंनी ती आधीच ठेवली.

त्यांना तरी काय बोलायचं! ह्यांची सरकारी नोकरी, आणि पोस्टिंग विदर्भाच्या पार टोकाला. सात वर्षं झाली. आमच्या मुलीला बाप म्हणजे मोबाइलमध्ये राहणारा माणूस. मी इथं सोलापुरात, भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत, शाळेची नोकरी, मुलगी आणि सासूबाई सांभाळत रोज सकाळी देवाकडे एकच मागत होते: ह्यांना घरी आण. आधी रडून मागितलं. मग सवयीनं. शेवटी शेवटी तर भाजीवाल्याला ‘दादा, थोडी कोथिंबीर टाका’ म्हणावं तसं म्हणून आमेन करायची आणि शाळेत पळायची. तो ऐकतो तरी का, हा प्रश्न मी मनातसुद्धा दबक्या आवाजात विचारायची. कारण पलीकडच्या खोलीत सासूबाई अर्धा-अर्धा तास मोठ्यानं प्रार्थना करत असायच्या. एवढ्या विश्वासू बाईच्या घरात शंका काढायची म्हणजे सोवळ्या घरात अंडं फोडण्यासारखं.

आणि एके दिवशी बदलीची ऑर्डर निघाली! मी लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरात नाचले. खोटं नाही सांगत, नाचले. सासूबाईंनी त्याच रविवारी नोटीस वाचायला दिली. येत्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता.

शुक्रवारी दुपारी ह्यांचा फोन आला. “अगं, स्थगिती आली. पुढच्या वर्षी बघू म्हणतात.”

ह्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की ह्यांच्यावर चिडताही येईना. मी फोन ठेवला आणि वर बघून म्हणाले, झालं तुझं समाधान? आता तुझं नि माझं संपलं. पुन्हा काही मागणार नाही आणि आभारही मानणार नाही. हे मी रागाच्या भरात बोलले खरी, पण संध्याकाळपर्यंत राग उतरला तरी बोलणं तसंच राहिलं, आणि मग मात्र मला भीती वाटली. लहानपणापासून ज्याच्याशी बोलत आले, त्याच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

सासूबाईंना म्हटलं, “आई, उद्याचं रद्द करू या.”

“आसं कसं? नोटीस वाचून झालीया. मान्सं यायची ती येनारच की.”

“पण उपकार कशाबद्दल मानायचे?”

त्यांनी जरा विचार केला. “सगळ्याबद्दल. मोघम मानू. आन् तू साक्ष दे, पर बदलीचं काडू नगंस. लोकांचा विश्वास डळमळंल.”

शनिवारी सहाला घर भरलं. ‘सलाम, सलाम’ असा आमच्यातला नमस्कार करत एकेक जण चपला काढून आत आला. शेजारच्या अक्काही आल्या. अक्का पद्मशाली, त्यांच्या घरात तीन पिढ्या मागावर टॉवेल विणतात, चर्चशी त्यांचा काही संबंध नाही. पण आमच्या घरचं प्रत्येक कार्य त्यांचंच. ‘साहेब’, म्हणजे आमचे हे, आले असतील म्हणून सत्काराला टॉवेल-टोपी घेऊनच आल्या होत्या. दारातूनच विचारलं, “साहेब कुठे आहेत?” सासूबाई म्हणाल्या, “येतील, येतील.” झालं, मोघमपणा सुरू.

दोन गाणी झाली. पाळकसाहेब म्हणाले, “आता आपल्या बहीण साक्ष देतील.”

मी उभी राहिले. तयारी केली होती: देवानं आरोग्य दिलं, अन्न दिलं, निवारा दिला. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. “ह्यांची बदली झाली नाही. ऑर्डर थांबली. मी सात वर्षं मागतेय. देवावर माझा राग आहे, आणि तो ऐकतो की नाही हेही मला आता कळेनासं झालंय. आभार मानायला जीभ वळत नाही. माफ करा, चिवडा मात्र खाऊन जा.”

आणि मी मटकन खाली बसले. सासूबाईंकडे बघायची हिंमतच नव्हती.

मग कोपऱ्यातून हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टरबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बरं झालं बाई, कुणीतरी बोललं! माझ्या गुडघ्यासाठी चार वर्षं प्रार्थना चाललीय. दर महिन्याला सगळे विचारतात, फरक आहे ना? मी म्हणते, आहे, आहे. काडीचा फरक नाही!”

आधी एक जण हसला, मग सगळे हसले. हसणं थांबेस्तोवर पाळकसाहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाले, “माझा मुलगा तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. मी दर रविवारी तुम्हांला सांगतो, मागा म्हणजे मिळेल. घरी जाऊन देवाशी भांडतो. पण भांडायला तरी जातोच. आज उपदेश राहू द्या.” आणि खरंच त्यांनी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात घातला.

मग काय विचारता! प्रत्येकाला बोलायचं होतं. कुणाची नोकरी, कुणाचं मूल, कुणाचा दारू न सुटणारा भाऊ. माणसं रडत होती आणि मध्येच हसतही होती. अक्कांना निम्मं कळलं, निम्मं नाही. पण साहेब येत नाहीत एवढं नक्की कळलं. त्यांनी उठून टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी पाळकसाहेबांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “आणलेलं परत न्यायचं नसतं.” पाळकसाहेब टोपी घालूनच बसले. शेवटचं गाणं आम्ही ढोलकी-टाळ घेऊन असं दणदणीत म्हटलं, की समोरच्या गॅलऱ्यांतून लोक डोकावले. माझ्या घरात इतका आनंद मी ऑर्डर आली त्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

माणसं गेली. सासूबाई मोरीपाशी कप विसळायला बसल्या. आता बोलणी बसणार म्हणून मीही मुकाट्यानं शेजारी बसले.

“तुला वाटतंय मी लई विश्वासू,” कपाकडे बघतच त्या म्हणाल्या. “तुजं सासरं गेलं ना, तवापासनं मला देवासंगं बोलायाच येत न्हाय. नुसती त्वांडपाट प्रार्थना म्हनती. मोट्यानं म्हनती, तुला ऐकू यावी म्हनून. तुजा विश्वास ऱ्हावा म्हनून.”

“आई! आणि मी गप्प बसत होते, तुम्हांला दुःख होईल म्हणून.”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि इतकं हसू आलं, की त्यांच्या हातातला कप निसटून मोरीत पडला. हसता हसता त्या रडायला लागल्या. मी त्यांचा ओला हात धरला. त्यांनी डोळे मिटले, आणि मी कधी ऐकला नव्हता अशा अगदी साध्या, हळू आवाजात म्हणाल्या, “देवा, माजा मानूस न्हेलास. आता ल्योक तिकडं ठिवलायस. मला हे पटलेलं न्हाय. आज सांगती. आमेन.”

“आमेन,” मी म्हणाले. कितीतरी वर्षांत मनापासून म्हटलेलं माझं ते पहिलं आमेन.