आईचा बंब मी साफ केला

आमच्या घरात आईचा एक तांब्याचा बंब होता. तो मी साफ केला आणि तो गेला. या गोष्टीला आता वर्ष होत आलं, तरी मी कधीतरी हात जोडून चूक कबूल करीन म्हणून घरातली सगळी वाट बघत बसलीत. बसू देत. मी साफ केला, नीट केला, आणि परत वेळ आली तर परत करीन. (बंब उरला नाही, एवढीच अडचण आहे.)

मी कुपवाडला एका कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. सव्वीस वर्षं झाली. पाण्यातला क्षार बॉयलरच्या आत बसत बसत त्याचा दगड होतो, त्याला आम्ही स्केल म्हणतो. ते काढायचं, आणि परत बसू द्यायचं नाही, यावर माझं पोट चालतं. बायको सुमन हे पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगते, "ह्ये क्षार काढायचं काम करत्यात, कंपनीत." त्यातल्या 'कंपनीत'वर ती जो जोर देते, तो मला कळत नाही असं तिला वाटतं.

जोर द्यायला कारण आहे. आमच्या घराला बोअरचं पाणी. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ तीन शिट्ट्या जास्त खाते, आणि पेला घासून पालथा घातला तर वाळल्यावर त्याच्यावर पांढरे टिपके. बादल्यांना पांढरी किनार, नळांच्या तोंडाला पांढऱ्या दाढ्या. शॉवरची भोकं बुजून चारच उरलीत, आणि त्या चार धारा चार भिंतींवर जातात, मधे उभा राहिलेला माणूस कोरडा. गिझरची कॉइल दोनदा जळाली. मेकॅनिकनं ती बाहेर काढून दाखवली, तेव्हा तो मला म्हणाला, "साहेब, तुमी कुठं कामाला?" मी म्हटलं, बँकेत.

तेव्हापासून आंघोळीला आईचा बंब. मधोमध धुराची नळी, नळीत खाली जाळ, नळीच्या भोवती पाणी आणि बाजूला तोटी, असा जुना बंब. आईच्या लग्नातला. ती त्याला बाहेरून चिंच आणि मीठ लावून असा घासायची की त्यात बघून भांग पाडावा. आतलं मात्र विचारू नका. पाच बादल्यांचा बंब दोन बादल्यांतच तोंडापर्यंत भरायचा, कारण उरलेली जागा क्षारानं घेतलेली. भाराभर तुरकाट्या जाळल्या तरी पाणी तापायला तास लागायचा, आणि तोटीतून धार यायची ती करंगळीपेक्षा बारीक. पण आई खूश होती. तिचं म्हणणं, गिझरचं पाणी नुसतं तापतं, त्याची ऊब हाडापर्यंत पोचत नाही.

अशात थंडीच्या दिवसांत माझी थोरली बहीण आली. अक्का साताऱ्याला दिलेली. साताऱ्याला कासचं मऊ पाणी, त्यामुळं तिच्या घरच्या नळात तोंड दिसतं, आणि ही गोष्ट ती आल्यापासून पाच मिनिटांत सांगते. या वेळी तीनच मिनिटांत सांगितली. सुमननं पाणी दिलं, तर अक्कानं पेला उजेडाकडं धरला, फिरवला, आणि न पिता खाली ठेवला. सुमननं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी अक्का आंघोळीला गेली. बादली तोटीखाली लावली आणि बसली. आम्ही चहा प्यायलो, पेपर वाचून झाला, मी दाढी केली, तरी बादली अर्धीच. मग आईची पाळी. ऐंशीच्या घरातली म्हातारी त्या थंडीत शाल गुंडाळून बादली भरायची वाट बघत पाटावर बसलीय, हे अक्कानं बघितलं आणि ती तडक बाहेरच्या सोप्यात माझ्याकडं आली.

"सर्ज्या, आईला मी सातारला न्हेते. लय दिवस बघितलं. माज्याकडं नळ सोडला की ऊन पानी येतंय."

मी आईकडं बघितलं. आत्ता ती म्हणेल, मी कुठं येत नाही. आई लसूण सोलत होती. सोलत राहिली.

खरं सांगतो, ते मला लागलं. आई आणि मी सकाळी सहाला उठून भांडतो. चहात साखर किती, टीव्हीचा आवाज किती, कशावरूनही. पन्नास वर्षांची सवय आहे. सुमनही भांडते, पण तिला कामं असतात. आई गेली तर सकाळी मी उठायचं तरी कशाला? आणि जाणार कशापायी, तर पाण्यातल्या क्षारापायी! ज्यानं सव्वीस वर्षं क्षार खरवडला, त्याची आई क्षारानं न्यायची! मी उठून उभा राहिलो.

"अक्का, परवा रविवार हाय. रविवारी सकाळी ह्याच बंबातनं तुला पाव तासात कडकडीत बादली भरून देतो. न्हाई दिली, तर आईला घिऊन जा."

"आणि दिली तर?"

"तर ती हितंच ऱ्हाईल आणि तू पेल्यातलं पानी पिशील."

अक्का म्हणाली, चालतंय. सुमन हळूच म्हणाली की त्यापेक्षा लिंबूफुलाचं, म्हणजे लिंबाच्या सताचं, पाणी करून बंबात भरून ठेवू, रोज थोडं थोडं सुटेल, आठ-दहा दिवसांत मोकळा होईल. नाहीतर सांगलीत तांबट आहे, त्याला तरी एकदा दाखवू. मी तिला विचारलं, या घरात बॉयलरचं काम कोण करतं? ती म्हणाली, "कंपनीत." आणि आत गेली.

शनिवारी रजा टाकली. ॲसिड आणलं, गमबूट चढवले, चष्मा लावला, हातमोजे घातले. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी ओतायचं नाही, हे गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगून मी बंब अंगणात घेतला. आई दारात खुर्ची टाकून बसली. मापानं पाणी, मापानं ॲसिड. (पहिल्या मापानं काही होईना म्हणून दुसरं माप. तिसऱ्याचं मी कुणाला बोललेलो नाही.) आणि मग बंब बोलायला लागला. आधी कुजबुज, मग खदखद, मग वरच्या तोंडातून पांढरा फेस उसळून बाहेर. फेस अंगणातल्या शहाबादी फरशीवर उतरला आणि फरशीही फसफसायला लागली! शहाबादी दगड म्हणजे तरी काय, क्षाराचाच भाऊबंद. मी तिथून उड्या मारत बाजूला झालो, तर जिथं जिथं फेसाचा गमबूट टेकला, तिथं तिथं फरशीवर पांढरा पाय उमटला. ते पाय अजून आहेत. दारापासून मोरीपर्यंत जातात आणि परत येतात. नवीन माणूस आला की सुमन त्याला दाखवते.

पण काम झालं! दुपारपर्यंत बंबातून खापऱ्याच्या खापऱ्या निघाल्या. तीन घमेली भरली. मी त्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन ओट्यावर मांडून ठेवल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवल्या. बंब चार वेळा धुतला. तोटीतून अशी धार आली की बादलीच सरकली. मग बॅटरी घेऊन मी वरच्या तोंडातून आत बघितलं. आतली नळी लालबुंद, नवी कोरी, आणि तिच्यावर दोन-तीन ठिकाणी तर नुसती चमक! बॅटरी विझवली तरी ती चमक तशीच. मी अक्काला बोलावून दाखवलं, सुमनला दाखवलं. शेवटी आई काठी टेकत आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"सर्ज्या, ही चमक न्हवं रं. पल्याडचा उजेड दिसतुया."

मी म्हटलं, आई, तुला मोतीबिंदू झालाय, तू बस.

आता कारखान्यात नियम असा आहे की ॲसिड मारून झालं की बॉयलर पाण्यानं पूर्ण भरायचा, दाब द्यायचा, कुठं गळतो का ते दोन माणसांनी बघायचं, आणि मगच जाळ. सव्वीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही. पोरांनी टाळाटाळ केली तर मी त्यांना उभं-आडवं घेतो. पण घरात कसला नियम? घरात मी साहेब! ज्या माणसाला दारात बसलेली आई आणि साताऱ्याहून आलेली बहीण बघतेय, तो गळती तपासत बसत नाही.

रविवारी सकाळी मी अक्काला अंगणात बंबाशेजारी स्टुलावर मानानं बसवलं. खांद्यावर टॉवेल, हातात सातारची साबणाची वडी. तळाशी करवंट्या, वर तुरकाट्या, असा जाळ घातला, फणफणून पेटला. मग पाणी ओतायला घेतलं, एक बादली, दोन, तीन, चार, पाच! पाच बादल्या! कित्येक वर्षांनी बंबानं पाच बादल्या घेतल्या. मी मोजून दाखवत होतो. तेवढ्यात आतून 'चुर्र' आवाज आला. सुमन म्हणाली, गळतंय काय? मी म्हटलं, तुरकाट्या ओल्या हायत. परत चुर्र. मी म्हटलं, लयच ओल्या हायत. आणि मग त्या नळीनं जीव सोडला. पाच बादल्या पाणी जाळावर एकदम! धाड आवाज झाला, धुराच्या नळीतून वाफ आणि राख घराच्या कौलाइतकी वर गेली, तिथं क्षणभर थांबली, आणि सावकाश अक्कावर उतरली.

राख बसली तेव्हा स्टुलावर एक राखाडी बाई होती, तिचे फक्त डोळे हलत होते. खालून काळं पाणी वाहत वाहत माझ्या पांढऱ्या पावलांवरून मोरीकडं चाललं होतं. मी घड्याळ बघितलं. पाव तास अजून व्हायचा होता, पण तो मुद्दा मी काढला नाही.

अक्कानं शेजारच्यांच्या सोलरवर आंघोळ केली. मी बंब स्कूटरला बांधून तांबटाकडं नेला. मागं सुमन बसली होती, ती बंब धरायला नाही, ऐकायला आली होती. तांबटानं नळी उजेडात धरली. चाळणी होती.

"काका, ह्यातलं तांबं कवाच खाऊन संपलंय," तो म्हणाला. "क्षारानंच बंब धरला हुता. अजून दहा वर्सं चालला असता. कुणी साफ केला ह्यो?"

"ह्येंनीच," सुमन म्हणाली.

तांबटानं आत परत एकदा बोट फिरवलं. म्हणाला, साफ मात्र लय झकास केलाय. हे वाक्य मी घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं. या सबंध प्रकरणात माझ्या कामाला कामाच्या माणसानं दिलेली ही एकच पावती, आणि ती सुमननं कानांनी ऐकलेली आहे, विचारा तिला. दुरुस्तीचं विचारलं, तर तो म्हणाला, ठिगळ मारायला पण जागा उरली नाही.

दुपारी अक्कानं आईची पिशवी भरायला घेतली. दोन लुगडी, औषधाचा डबा, जपाची माळ. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. पैज मी हरलो होतो. तरी तोंडातून गेलंच, "आई, नवा बंब आणतो मी. उद्याच आणतो." आवाज मला पाहिजे होता तेवढा करडा निघाला नाही. आईनं माझ्याकडं बघितलं, मग अंगणातल्या त्या पावलांकडं, मग परत माझ्याकडं. आणि पिशवीतून माळ बाहेर काढली.

"मी येत न्हाई, अक्का."

"आगं आता काय ऱ्हायलंय हितं? बंब बी गेला!"

"म्हणूनच येत न्हाई. कालपतोर मला जायाचं हुतं. पर मी डोळ्याम्होरं बसल्याली आसताना ह्येनं बंब मारला. मी गेल्यावर ह्यो मिक्सर खोलंल, फ्रीज खोलंल, बोअरात उतरंल. सुमननं एकटीनं कुठंकुठं बघायचं?"

सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "खरं हाय, आत्या." अक्कानं लुगडी परत कपाटात ठेवली. जाताना तिनं पेलाभर पाणी मागितलं आणि उजेडाकडं न धरता पिऊन टाकलं. शेवटी बहीण आहे.

तर अक्का आईला न्यायला आली होती आणि मोकळ्या हातानं गेली. आई इथंच आहे. म्हणजे जिंकलं कोण, हे मी सांगायची गरज नाही. कारणं काय, कुणाला शोधायची असतील त्यानं शोधावीत. आता दर शनिवारी सुमन लिंबूफुलाच्या पाण्यात चिंध्या भिजवून नळांना बांधते, शॉवर उतरवून त्याच पाण्यात बुडवते, बादल्या पुसून कोरड्या ठेवते. हळूहळू नळ दिसायला लागलेत. पद्धत चुकीची नाही, फक्त जोर नाही त्यात. माझ्या हातात असतं तर एका दुपारचं काम. पण मी साधा पाना जरी उचलला, तरी आतून काठीचा आवाज येतो आणि मागोमाग हाक येते, "कुठं निगालास रं?"

"कुठं न्हाई, आई," म्हणतो मी, आणि पाना जागेवर ठेवतो.

पण ठेवताना आपटून ठेवतो.