विहिरीतली थर्मोक्लाइन

नाशिकच्या स्टँडवर रत्नागिरीची गाडी लागली, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग स्वतः वर चढवली. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "गोडं पाणी पाह्यलंय तू. खाऱ्याची सवय व्हाया वेळ लागंल. घाबरू नको." आई मागे उभी होती. ती माझ्याकडे न बघता गाडीची पाटीच वाचत राहिली.

आमचं गाव निफाडकडचं सायखेडा. गोदावरी दारात, पण समुद्र मी कधी पाहिला नव्हता. तरीही सागरी जीवशास्त्रात एम. एस्सी. करायला निघाले होते. शेजारच्या काकूंनी विचारलंच होतं, "मासे काय आपल्या नदीत नाय व्हय?"

वर्गात शिकवायला केरळच्या मॅडम होत्या. सगळं इंग्रजीत. सॅलिनिटी, प्लँक्टन, अपवेलिंग; गारा पडाव्यात तसे शब्द पडायचे आणि मी वहीत नुसत्या वेचून ठेवायचे. नाशिकला बी. एस्सी. मी पाठांतरावर काढली होती, तोच मार्ग इथेही धरला. दुसऱ्या महिन्यात आम्हाला होडीतून समुद्रात नेलं. पाण्याचं तापमान मोजणारं यंत्र खाली सोडलं. थोड्या खोलीनंतर आकडे एकदम भराभर उतरायला लागले. "हे काय?" मॅडमनी मला विचारलं. मी थर्मोक्लाइनची व्याख्या धडाधडा म्हणून दाखवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे पुस्तकाचे शब्द झाले. तुझे कुठे आहेत? शुक्रवारी वर्गासमोर सांग."

माझ्याकडे माझे शब्दच नव्हते. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. "मी परत येते. हे मला जमायचं नाही."

"ये की," आई म्हणाली. "घर काय पळून चाललंय? पण अडलंय कुठं, ते तं सांग."

आईचं शिक्षण चौथीपर्यंत. तिला काय सांगायचं? मी वैतागून म्हणाले, "वरचं पाणी उन्हानं तापतं. तळाचं गारच राहतं. मधे एक थर असतो, तिथे उष्णता झपकन कमी होते. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. झालं समाधान?"

ती हसलीच. "अगं, मंग मला ठावं हाये ते!"

आईचं माहेर बागलाणातल्या नामपूरचं. लहानपणी उन्हाळ्यात त्या मुली पाठीला भोपळे बांधून विहिरीत उड्या मारायच्या. "वरचं पाणी कोमट," ती सांगत होती. "पण उभं राहून पाय सोडले का खाली एकदम गार. जसा काय पाण्यात पडदाच लावलाय. मी पायानं तो पडदा शोधायचे." बोलता बोलता ती माहेरच्या अहिराणीत शिरली, "खाले थंडगार शे, बाई!" मग जरा थांबून म्हणाली, "त्याला नाव बी हाये व्हय?"

आईला पोहता येतं, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. सायखेड्याला तिला मी घाटावर धुणं धुतानाच पाहिलं होतं. लग्नानंतर ती गुडघ्याच्या वर कधी पाण्यात गेली नव्हती.

शुक्रवारी मी फळ्यावर आधी विहीर काढली, मग समुद्र. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. बोलताना प्रथमच जाणवलं की मी काही आठवत नाहीये, मला ते दिसतंय. मॅडमनी विचारलं, "हे कुणी सांगितलं?" "आईनं." त्या म्हणाल्या, "तिला विचार, तो पडदा किती खोल होता." मी विचारलं. आईनं गंभीरपणे उत्तर दिलं, "पुरुषभर. पण आखाजीनंतर आणखी खाली जायचा." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे मी समजावलं आणि मॅडमनी ते लिहून घेतलं. मी परत गेले नाही.

मग रोज संध्याकाळी एक शब्द, असा नेमच पडला. प्लँक्टन, मराठीत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं बारीक गवत आणि त्यावर चरणारे बारीक जीव, हे तिला लगेच पटलं. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती म्हणजे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची मंद भरती म्हणजे भांग, हे शब्द आमची होडी चालवणाऱ्या तांडेलांनी मला दिले, मी तिला दिले. दादा बाजूला बसून ऐकायचे, बोलायचे नाहीत. पण एकदा मी दोन दिवस फोन केला नाही, तर त्यांनीच केला. "आजचा शब्द ऱ्हायला," एवढंच म्हणाले.

आज मी याच किनाऱ्यावर पाण्याचे नमुने तपासते, मुलांना शिकवते. तुम्ही कुणी निफाड-बागलाणकडून इतक्या लांब आला असाल, तर नव्या शब्दांचं ते ओझं तुम्हाला माहीत असेल. मला ते उचलायला मदत मिळाली. एका मॅडमची, एका तांडेलांची आणि फोनच्या पलीकडच्या दोघांची. पूर्वी घर म्हणजे मी जिथून निघाले ती जागा होती. आता ज्यांना सांगितल्याशिवाय शिकलेलं पुरतं कळल्यासारखं वाटत नाही, ती माणसं म्हणजे घर.

या थंडीत दोघं पहिल्यांदा इकडे आली. मी त्यांना मोठ्या हौसेनं समुद्रावर नेलं, तर नेमकी ओहोटी. लांबवर नुसती ओली वाळू.

"पाणी कुठं गेलं?" आईनं विचारलं.

"येईल. पूर्ण भरती व्हायला पाच-सहा तास लागतील. तोवर घरी जाऊन जेवून येऊ."

तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि वाळूवर बसली. "ते येतंय अन् आपण उठून जायचं व्हय? बसा हो," ती दादांना म्हणाली. आम्ही तिघं तिथेच बसलो, पाणी पायांशी येईपर्यंत.