तिला उपाशी ठेवू नका

कुठलीही धातूची वस्तू हातात आली, की ताई ती आधी नाकाशी नेत. माझ्या फ्लॅटची किल्ली, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरचा चमचा, एकदा तर माझ्या मंगळसूत्राची वाटी. "डोळे फसतात गं. नाकाला विचारावं," म्हणत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि घरी आल्यावर हळूच तसंच करून बघतो.

सिंगापुरात तोआ पायोहला आमच्याच मजल्यावर, चार दारं सोडून त्या एकट्या राहत. मूळच्या नागपूरच्या, धातूंवर संशोधन करणाऱ्या. हॉलमध्ये बुद्धाची लहानशी मूर्ती आणि भिंतभर पुस्तकं. झुरळ दिसलं तरी त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडणाऱ्या या बाईंनी रायफल विकत घेतली, तेव्हा मला हसू आवरेना.

लष्कराने कधीच मोडीत काढलेली, माझ्या आजोबांच्या वयाची रायफल. नेमबाजीच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलनी ती ताईंना विकली. इथे बंदूक घरी आणता येत नाही. ती क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहते आणि काडतुसंही तिथेच. शनिवारी जायचं, मोजून काडतुसं घ्यायची, झाडायची, रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या.

सोबत जुन्या काडतुसांची पेटी देताना अंकल म्हणाले होते, "दर महिन्याला तिला भरवायचं, लाह. उपाशी राहिली तर स्वतः शोधते."

ताई हे, शेवटच्या इथल्या 'लाह'सकट, नक्कल करून सांगत. शनिवारी दार ओढून घेताना मला हाक मारत, "अगं, तिला भरवून येते!" मी दोन-तीनदा बरोबर गेले. पाच गोळ्या झाडून झाल्या, की त्या नळीत कढत पाणी ओतत आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसत बसत. जुन्या काडतुसांनी नळी गंजते म्हणून. बाळाचे कान पुसावेत तसं ते चालायचं.

मग नागपूरला त्यांच्या आई घरात पडल्या. ताई तीन महिने तिकडे होत्या. परतल्यावरच्या पहिल्या शनिवारी मला सोबत घेऊन गेल्या. शस्त्रागार सांभाळणाऱ्या मलय वंशाच्या काकांनी रायफल टेबलावर ठेवली. ताईंनी सवयीने नळीतून चिंधी ओढली. ती काळीकुट्ट निघाली.

"गंज असेल," मी म्हटलं.

त्यांनी चिंधी नाकाशी नेली. "गंज तांबूस असतो. ही जळलेली दारू आहे. ताजी."

काका शपथेवर सांगत होते, तीन महिन्यांत कुलूप उघडलेलं नाही. त्यांनी पेटी काढून काडतुसं मोजली, पुन्हा मोजली. एक कमी होतं. रिकामी पुंगळी कुठेच नव्हती. इथे ही साधी गोष्ट नाही. महिनाभर चौकशी झाली, कॅमेरे तपासले गेले, काहीच निघालं नाही.

चिंधी काळी निघाली त्याच दिवशी बस स्टॉपवरून ताईंनी अंकलना फोन लावला. पलीकडून अंकलनी एवढंच विचारलं, "किती?"

"एक."

"एकच? मग ठीक आहे, लाह." आणि फोन ठेवला.

चौकशी संपली तेव्हापासून ताईंची हाक थांबली. ताप असो, ऑफिसचं काम असो, एकही शनिवार न चुकवता त्या मुकाट्याने जात. तिकडून आईंचा फोन यायचा, ताई तो स्पीकरवर घेत. दार उघडं असलं की ऐकू येई, "ये ना गं बाई आता." ताई म्हणायच्या, "पुढच्या महिन्यात." असं वर्ष गेलं. मग आईंनी विचारणंच सोडलं.

एका संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. "तू घेशील तिला?"

आत माझी मुलगी अभ्यास करत होती. मी "नाही" म्हटलं ते फारच मोठ्याने.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "कुणालाच देऊ नये."

त्यांनी रायफल नष्ट करण्यासाठी अर्ज केला. तो मंजूर झाला त्या दिवशी एकट्याच गेल्या. आल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात बसल्या आणि दोन पोळ्या खाल्ल्या. "तीन तुकडे केले. मी समोर उभी होते."

"मग?"

"काही नाही. लोखंड होतं."

पंधरा दिवसांत त्यांनी नोकरी सोडली आणि घर रिकामं केलं. खाली टॅक्सीत बॅगा ठेवून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. "ती विचारत आली, तर माझा पत्ता देऊ नकोस हं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. टॅक्सी वळली आणि माझ्या लक्षात आलं, पत्ता तर त्यांनी मलाही दिलेला नव्हता.