आधी गोळ्या, मग बंदूक

देसले बाईंच्या पर्समध्ये वेलदोड्याच्या डबीशेजारी प्लॅस्टिकच्या गिट्ट्यांची एक पुडी कायम असायची. भिंतीला भोक पाडून स्क्रू बसवताना आत घालतात ना, त्याच गिट्ट्या. बारसं असो, हळदीकुंकू असो, बाई पर्स उघडून आधी वेलदोडा देणार आणि समोरची मुलगी आमच्या नेमबाजीतली असेल तर वर दोन गिट्ट्या, प्रसाद दिल्यासारख्या. परक्यांना वाटायचं, बाईंच्या यजमानांचं हार्डवेअरचं दुकान असावं. यजमान खरं तर भातसानगरला धरणावर नोकरीला होते आणि घरात साधा खिळा ठोकायचा झाला तरी बाईंनाच हाक मारायचे.

बाई शहापूरला आमच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर आम्हा काही मुलींना रायफल शूटिंग. पॉइंट टू टूची रायफल, पन्नास मीटरवरचं टार्गेट, पोटावर झोपून नेम धरायचा. आमच्या क्लबची रेंज पार ठाण्याच्या पुढे आणि गोळी एकदा उडाली की गेली, त्यामुळे खरी गोळी महिन्यातून एखाददोन वेळाच. बाकी सगळा सराव कोरा. गोळीशिवाय नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा, पुन्हा नेम धरायचा. आता या बारीक गोळीची गंमत अशी, की तिची पेटणारी दारू बुडाच्या काठात असते आणि बंदुकीतला खिळा त्या काठावर आपटतो. आत गोळी नसली तर तो खिळा थेट नळीच्या तोंडावर आपटतो आणि नळी कायमची दुखावते. म्हणून गोळीच्या जागी गिट्टी. "गिट्टी घातलीस काय गो?" हाच बाईंचा नमस्कार होता. शहापूरचा हार्डवेअरवाला तर आम्हाला बघून वैतागायचा. म्हणायचा, "तुमच्या घरच्या भिंती अजून उभ्या कशा हायत?"

बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, कडक इस्त्रीच्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. नेम शिकवताना त्या टार्गेटकडे ढुंकून बघत नसत. बघायच्या ते आमच्या कोपराकडे, खांद्याकडे, पायाच्या चवड्याकडे. "ताकद लावू नको. मास थकतं, हाडं नाय थकत. बंदूक हाडांवर ठेव नि गप पड," हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. शाळेच्या हजेरीत त्या शुद्ध बोलायच्या, रायफल हातात आली की सरळ माहेरच्या बोलीत उतरायच्या. त्यांचं माहेर मुरबाडकडं, म्हशाजवळ.

मी खर्डीची. वडील स्टेशनबाहेर रिक्षा लावायचे. बारावीच्या वर्षी माझी राज्याच्या संघासाठीच्या निवडीला वर्णी लागली, तेव्हा घरात बजावूनच सांगितलं गेलं होतं: संघात आलीस तर पुढे खेळ, नाहीतर बंदूक खाली ठेव. आणि बंदूक तरी कुठे माझी होती? क्लबची एक रायफल आम्ही सगळ्या मिळून वापरायचो. माझ्या आधी उंच मुलगी झोपली की पट्टा तिच्या मापाचा व्हायचा आणि माझा सगळा मेळ चुकायचा. मुंबईच्या मुलींच्या नव्याकोऱ्या परदेशी रायफली बघून माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी मी वडिलांकडे हट्ट धरला. त्यांनी घराच्या स्लॅबसाठी पैसे बाजूला टाकले होते. ते एका दमात म्हणाले, "स्लॅब काय, पुढल्या साली घालू. पत्र्याखाली काय मेलो नाय आमी."

बाईंना हे कळलं तशा त्या तडक खर्डीला आल्या. मी मोबाइलवर नव्या रायफलीचा फोटो दाखवला. काळी, चकचकीत, जिथे बघावं तिथे स्क्रू. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"नि गोळ्या कशानं आणशील?"

"आणू थोड्या थोड्या."

"बंदूक नवी नि डबा रिकामा. मंग काय, ओवाळायची तिला?"

मला राग आवरला नाही. मी म्हणाले, "बाई, तुम्हाला आमचा पत्रा दिसतो. मला जिंकायचंय." वडील मान खाली घालून बसले. बाई उठल्या, दारात बूट चढवता चढवता म्हणाल्या, "रविवारी म्हशाला चल. जत्रा भरलीय."

जत्रेत मला वाटलं होतं पाळणे दाखवतील. बाईंनी नेलं थेट बैलबाजारात. धूळ, शेण, हलग्या, आणि रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे. एक देखणी जोडी उभी होती, शिंगांना रंग, गळ्यात नवे गोंडे, भोवती ही गर्दी. बाईंनी मला पलीकडे ओढलं. तिथे एक धुरकट रंगाचा बैल होता, शिंग जरा वाकडं. एक म्हातारा त्याला नुसता चालवत होता. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग खूर उचलून बघितला, दात बघितले, पाठीवर हात दाबला, आणि पुन्हा चालवला.

"शिंगं बघून बैल घेणारा पेरणीला रडतो," बाई म्हणाल्या. "तो म्हातारा बघ. शिंगाकडं एकदा तरी बघितलान काय?"

नव्हतं बघितलं. पण राग तसाच होता, आणि बाईंना तो दिसत होता. त्या एका बैलगाडीच्या दांडीला टेकल्या आणि आजवर कधीच न बोललेलं बोलल्या.

"माझ्या बानं हितंच जोडी इकली व्हती. माझ्यासाठी. नवी बंदूक आली तं अख्खा गाव बघायला आला. पण गोळ्यांना काय उरलंच नाय गो. बंदूक कपाटात नि मी कपाटाभायेर. रोज काढायची, पुसायची, ठेवायची. मोठ्या निवडीला गेले तं माझीच बंदूक मला वळखेना. घरी आले, तं बा रिकाम्या गोठ्यात बसलेला. मला काय बोलला नाय. तो बोलला असता तं बरं झालं असतं."

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की भरून आला नाही. त्यांनी फक्त पदरानं चष्मा पुसला आणि मला घोंगड्यांच्या दुकानाकडे घेऊन गेल्या. जाड, विणीची पक्की घोंगडी त्यांनी घासाघीस करून घेतली. ही तुझी मॅट, म्हणाल्या. नव्या रायफलीचा विषय मी पुन्हा काढला नाही. बाईंसमोर तर नाहीच, घरीही नाही.

कल्याणचे एक जुने नेमबाज डोळ्यांमुळे खेळ सोडत होते. त्यांची लाकडी दस्त्याची, जागोजाग पोचे गेलेली जर्मन रायफल बाईंनी माझ्यासाठी हेरली. पण व्यवहाराआधी तिला रेंजवर चालवून बघायची अट घातली. भाताच्या तुसानं भरलेल्या पिशवीवर रायफल टेकवली आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या एकेक करून उडवायला लावल्या. "नळीला काय गोड लागतं, ते तिलाच इचार." सगळ्यात महागडी गोळी कागदभर लाह्यांसारखी उधळली. आणि मधल्या किमतीच्या एका डब्यातल्या गोळ्या एकमेकींच्या अंगावर जाऊन बसल्या, एकच भोक दिसावं अशा. बाई टाळ्या पिटत हसल्या, "बघ, ही भाकरीवाली हाय! श्रीखंड नको बोलते!"

परवान्याची कागदपत्रं क्लबनं केली. खांद्याला टेकणारा दस्ता मला आखूड पडत होता, म्हणून शहापूरच्या सुताराकडून सागाच्या चकत्या कापून मागे लावल्या. गाल टेकायच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर जुनं मखमल. दिसायला ध्यानच होतं ते. मुंबईच्या मुली बघून हसल्या, तेव्हा मला रडू आलं होतं. पण स्लॅबच्या पैशांतून ती घेऊन जे उरले, त्यांत त्याच एका घाण्यातल्या, एका लॉटच्या गोळ्या भरपूर आल्या, आणि पहिल्यांदाच मला हात आखडता न घेता सराव करता आला. आधी गिट्टीवर, मग गोळीवर, घोंगडीला माझ्या कोपरांचे खड्डे पडेस्तोवर.

निवडीच्या दिवशी वारा आडवा होता. मी काही पहिली आले नाही. संघातली अगदी शेवटची जागा मला मिळाली. मी तोंड पाडून बसले तर बाई म्हणाल्या, "येडी हायस काय? शेवटच्या डब्यालापण तेच इंजिन ओढतं." वडिलांनी त्या दिवशी खर्डी स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकाला रिक्षातून फुकट घरी सोडलं.

पुढे खेळाच्या कोट्यातून मला नोकरी लागली आणि मी माझ्या पगारातून नवी रायफल घेतली. तोवर बाईंना कंपवातानं गाठलं होतं. यजमान गेल्यावर त्या म्हशाजवळ भावाकडे राहायला गेल्या होत्या. रायफल घेऊन मी तिथे गेले, ती आमची शेवटची भेट. महिन्याभरात बाई गेल्या.

त्या दिवशी त्या ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर सारखे थरथरत होते. मी पेटी उघडली. त्यांनी रायफलीकडे बघितलंही नाही.

"गोळ्या?"

"वर्षभराच्या, बाई. एकाच लॉटच्या. क्लबात ठेवल्यात."

"नळीला इचारलंस?"

"विचारूनच घेतल्या."

मग त्यांनी रायफलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. डोळे भरून आले. "बाला दाखवायला पायजे व्हती गो," म्हणाल्या. आणि लगेच, "पड. बघू दे मला."

मी ओटीवर सतरंजी पसरली, आडवी झाले, पट्टा ताणून रायफल खांद्याला लावली. बाई भावजयीचा आधार घेत माझ्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या कोपराखाली हात घातला. त्यांचा हात थरथरत होता. माझं कोपर थरथरायला लागलं, खांदा थरथरला, समोरच्या भिंतीवरचा ठिपका नेमातून इकडेतिकडे पळायला लागला. मी हलले नाही. त्यांनी कोपर जरासं आत सरकवलं, पुन्हा बघितलं, आणखी जरासं सरकवलं.

"आता मी हात काढते हां," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी हात काढला. ठिपका जागच्या जागी उभा राहिला.