चुलीमागची भिंत

आमच्या गल्लीत घरपट्टीची आकारणी जवळ आली की खुर्च्या फिरायला लागत. ज्याच्या घराची पाहणी असेल त्याच्या खुर्च्या, घड्याळ, पितळेची घंगाळं आदल्या दिवशीच शेजारी जायची, आणि शेजाऱ्याची पाळी आली की त्याच्या आमच्याकडे. चोरून असं कुणी काही करत नसे. नगरपालिकेचा ओव्हरसियर आकारणी मुद्दाम चढी लावायचा, कारण लोक रडणार हे त्याला ठाऊक होतं. लोक रडायचे, कारण ती चढी लावलेली असते हे त्यांना ठाऊक होतं. आणि सभासदांची समिती त्यातून चौथाई उतरवून दोघांचीही अब्रू राखायची. शहाण्यासुरत्या माणसांचं हे वर्ध्यातलं नाटक होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडत नसे. माझं बिघडलं, तेही माझ्याच तोंडानं.

तेव्हा वर्धा मध्यप्रदेशात होतं. वडील शाळामास्तर होते आणि घर त्यांनी स्वतः बांधलेलं, चार खणांचं, कवेलूच्या छपराचं. पट्टी बसायची ती घराला वर्षाचं भाडं किती येईल या अंदाजावर. वडलांना हे मरेपर्यंत पटलं नाही. मी घर भाड्यानं दिलंच नाही तर भाडं कसलं, असं ते येईल त्याला विचारायचे. चार पावलं पुढं जाऊन नालवाडीला बांधलं असतं तर नगरपालिकेच्या हद्दीबाहेर सुटलो असतो, हेही त्यांचं ठरलेलं होतं. आई म्हणायची, मग शाळेत रोज कोण चाललं असतं.

त्या वर्षी यादी लागली आणि वडलांनी मुदतीत हरकत घेतली. अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं, मॅट्रिक झाले होते, आणि हातात घेतलेलं काम नीट करायची मला खोड होती. घर जुनं झालं आहे, पावसाळ्यात गळतं, असं वडलांनी सांगितलं तसं उतरवलं. गळत नव्हतं. दरवर्षी वैशाखात माणसं लावून कवेलू फेरले जायचे, फुटके काढून नवे बसवले जायचे. त्या वर्षी वडलांनी ते काम थांबवलं. पाहणी होऊ दे, मग फेरू, म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न जमत आलं होतं. तळेगावची मंडळी, मुलगा कचेरीत कारकून. आत्यानं स्थळ आणलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, मुलाच्या आईनं माझा हात हातात घेऊन बोटं पाहिली होती. मुलगा मला आवडला होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, विचारलंही नाही कुणी. त्याचे मामा वर्ध्यातच कापसाच्या व्यापारात होते, ते बघायला येऊ शकले नव्हते. त्यांचा होकार आला की सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं.

समिती भर दुपारी आली, तीन सभासद आणि मागं ओव्हरसियर. खुर्च्या शेजारी गेल्या होत्या, म्हणून ते उभेच राहिले. वडलांनी घर दाखवलं, प्रत्येक खणात काहीतरी वाईट दाखवलं. ऊन असं की गळण्याचं नाव काढावं तर हसू यावं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. विचारलं तर पाणी पडवीपर्यंत येतं असं सांग, एवढंच वडलांनी मला शिकवलं होतं.

तिघांतले पांढऱ्या टोपीचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले गृहस्थ आत आले. चुलीजवळ थांबले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पावसाचं पाणी कुठवर येते, पोरी?"

"चुलीपर्यंत येते," मी म्हणाले. "चूल विझून जाते."

पडवी मला कमी वाटली. का वाटली, सांगता येत नाही. शाळेत निबंधात एक वाक्य जास्तीचं घालायची सवय होती, तसंच काहीसं. ते गृहस्थ चुलीमागच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग बरं म्हणाले आणि बाहेर गेले. वडील खूश होते. ही पोरगी वकील झाली असती, असं संध्याकाळी आईला म्हणाले.

आकारणी उतरली. हुकुमावर तिघांच्या सह्या होत्या. त्याच आठवड्यात आत्या आली. वडलांना तिनं पत्रिका जुळत नाही असं सांगितलं. मी विहिरीवर भांडी घासत होते, तिथं येऊन बसली आणि मला खरं सांगितलं. चष्मेवाले गृहस्थ मुलाचे मामा होते. घर कुणाचं ते त्यांना यादीवरून माहीत होतं. ते कोण, हे आम्हालाच माहीत नव्हतं.

"मामा म्हणते, पोरीत काही खोट नाई," आत्या म्हणाली. "पण धुरानं काळी झालेली भिंत, तिले पाण्याचा एक ओघळ नाई, अन् पोरगी म्हणते चूल विझते. जराशी अडखळली बी नाई. उद्या आपल्या घरातलं बाहेर काय सांगन, म्हणे."

आणि सही केली होती त्यांनी. तिन्ही सह्यांत त्यांचीच ठळक होती. मी भांडी घासून पूर्ण केली, पालथी घातली. रडू यायला हवं होतं असं वाटलं, पण आलं नाही. नंतरही आलं नाही. काही दिवस हात दुसऱ्याचे असल्यासारखे वाटायचे, कामं मात्र सगळी होत होती.

पाहणीत महिना गेला होता आणि पुढं कवेलू फेरायला माणसं मिळाली नाहीत, सगळी पेरणीला गेलेली. त्या पावसाळ्यात आढ्याजवळून पाणी शिरलं, वासे कुजले, आणि एका सकाळी चूल खरंच विझली. आई ओलं सरपण हातात धरून म्हणाली, तुझ्या तोंडचं खरं झालं. तिला बाकीचं ठाऊक नव्हतं. पुढं कवेलू दरवर्षी फेरले, पण त्या कोपऱ्यातलं पाणी काही थांबलं नाही.

मला पुढं स्थळं आली, गेली. मी शाळेत शिकवायला लागले. मधल्या काळात आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो, घर जागचं हललं नाही. आकारणी पुन्हा आली तेव्हा धाकटी बहीण एकोणीस वर्षांची होती आणि तिच्यासाठी बोलणी चालू होती. पाहणीच्या आदल्या दिवशी वडील खुर्च्या उचलायला लागले. मी चुलीमागची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारून घेतली. ओघळ झाकले गेले.

नवा ओव्हरसियर आकारणीला एकटाच आला. वडील या वेळी खरंच बोलत होते: पाणी पार चुलीपर्यंत येतं, चूल विझते. ओव्हरसियरनं भिंत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"नाही येत," मी म्हणाले. "घर कोरडं आहे."

बहीण आत चहाला आधण ठेवत होती. ओव्हरसियरनं लिहून घेतलं आणि गेला. वडील त्याला पडवीपर्यंत सोडून परत आले.

"खरं होतं न ते," ते म्हणाले. "काऊन नाई म्हटलं?"

समितीत या वेळी कुणाचे मामा आहेत ते आपल्याला माहीत नाही, असं मी सांगितलं. कोणते मामा, असं वडलांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं त्यांनी ते पत्रिकेच्या नावावर ठेवून दिलं होतं. मग ते शेजारी गेले आणि आमच्या खुर्च्या एकेक करून परत आणल्या. त्या वर्षी गल्लीत हरकत न घेतलेलं घर आमचं एकटंच होतं.