पनवेलचे पहिले घास

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. कुणाला कोणतं औषध दिलं ते मी विसरते. पण "बाळाला खायला काय देऊ?" या प्रश्नाबरोबर जे ऐकायला मिळतं ते डोक्यात राहतं. घरी जेवताना एक किस्सा सांगायला घेतला की त्याला लागून दुसरा आठवतो.

*

करंजाड्याचं एक जोडपं, दोघंही आयटीतले. मुलगी सात महिन्यांची. तिचा घास न् घास आईने ॲपमध्ये भरलेला. "मॅडम, ॲपने नाचणीची खीर अर्धी वाटी सांगितलीय. ही चार चमच्यांनंतर तोंड फिरवते."

मुलगी मजेत माझा स्टेथोस्कोप ओढत होती. मी आईला विचारलं, "तुम्ही सकाळपासून काय खाल्लंत?"

ती आठवत बसली. नवरा म्हणाला, "हिच्यासाठी ॲप नाही घेतलं अजून."

*

उरणच्या एक कोळीण आजी सून आणि आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. "बाय, घरात सगल्यांना मासं, न् या पोराला नाय. यानं काय गुना केलाय?"

मी म्हटलं, "काटे नीट काढून, मऊ शिजवून, बिनतिखट थोडंसं द्या. अंगावर पुरळ उठलं तर लगेच या."

सून घाबरलेली. "आणि एखादा काटा राहिला तर?"

आजींनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "उभा जल्म मासं साफ केलं या बोटांनी."

सुनेने जरा विचार केला. "मग रोज तुम्हीच भरवा."

आजी एवढंच ऐकायला माझ्याकडे आल्या होत्या.

*

एक बाळंतीण सासूबरोबर आली. बाळ तीन महिन्यांचं. तिचं दूध पातळ आहे, पुरत नाही, असं येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगून गेलेला. पिशवीत पावडरच्या दुधाचा नवा डबा होता.

मी बाळाला तपासलं, वजन केलं. "छान वाढतंय. तुमचंच दूध पुरतंय त्याला."

सून रडायला लागली. सासूबाई उठल्या आणि डबा घेऊन बाहेर गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

थोड्या वेळाने परत आल्या. डबा मेडिकलमध्ये परत केला होता. हातात शहाळं होतं. ते सुनेपुढे धरून म्हणाल्या, "पी. आता कोण काय बोललं तर मी बघते."

*

शिरढोणहून एक बाई नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी वाळलेली, मान टाकून बसलेली. मला काळजी वाटली. "खायला काय देता?"

"डालीचं पानी. सगली ताकद पान्यातच असते ना?"

"ताकद खालच्या डाळीत असते. ती घट्ट डाळ भातात कुस्करून, वर तूप घालून हिला द्या. पाणी घरातल्या मोठ्या माणसाला वाढा."

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. मुलीचे गाल भरले होते, वजनकाट्यावर ती एका जागी बसेना. वजन चांगलं वाढलं होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी नवराही आला होता, बंदरावर काम करणारा उंचापुरा गडी. पँट एका हाताने वर ओढत तो कोपऱ्यात उभा होता.

बाई मुलीला घेऊन बाहेर गेल्यावर तो हळूच पुढे आला.

"मॅडम," तो म्हणाला, "आता माजं पन वजन बगा."